संगणकाचे भाग जोडीचे हवेत



सोयाबीनचे पैसे हाती आले की पोरे म्हणतात, खेळांचा संगणक सुटे भाग आणून जोडून घेऊ. जोडा, पण भाग एकमेकांच्या तोलाचे बघा. खेळातली चित्रे काढण्याचे खरे कष्ट ग्राफिक्स कार्ड उपसते, म्हणून मोठा वाटा त्याला द्यावा. मात्र कार्ड भारी आणि प्रोसेसर जुना, तर कार्ड ताटकळत बसते. साडेसात अश्वशक्तीची मोटार अन् दीड इंची पाइप, तसलाच प्रकार!

आधी मॉनिटर ठरवा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६०च चित्रे दाखवणार. त्याला महागडे कार्ड कशाला? साध्या १०८० पिक्सेलच्या पडद्याला २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० किंवा त्याच ताकदीचे कार्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ही जोडी मला पुरेशी वाटते. रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन पट्ट्या घ्या. माहितीची ने-आण वेगाने होते. या प्रोसेसरच्या मदरबोर्डाला डीडीआर४ पट्टीच बसते, डीडीआर५ बसत नाही.

हात आखडला जातो तो पॉवर सप्लायपाशी. हे कार्ड ११५ वॉटचे, तरी कंपनी सबंध संगणकाला ५५० वॉटचा सप्लाय सांगते. बिननावाचा स्वस्त डबा जळाला तर बाकीचे भागही घेऊन जाऊ शकतो. त्यात आपल्याकडची वीज! यूपीएस आणि चांगले अर्थिंग हवेच. मळणीच्या दिवसांत संगणक बंद करून पंख्याची जाळी आठवड्याला झाडा.