गच्ची की दिवाणखाना?

पुण्यामुंबईत जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याची जी लाट आली आहे, तिच्याबरोबर 'डेक' हा एक नवा शब्द आमच्या कानांवर येऊ लागला आहे. इमारतीच्या माथ्यावर कालपर्यंत जी गच्ची होती, तिचा आता डेक झाला. कोकणच्या आगबोटींतून प्रवास केलेल्या वडीलधाऱ्यांस हे नाव ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही. कारण खालच्या डेकचे तिकीट म्हणजे सर्वांत स्वस्त तिकीट, आणि तेथे वळकटीस वळकटी लावून झोपणे आले. या नव्या डेकवर मात्र वळकटीस मज्जाव! तेथे लाकडी फळ्या, प्लास्टिकची हिरवळ आणि वेताच्या खुर्च्या. माहितीपत्रकातील चित्रात एक तरुण जोडपे पेले हाती घेऊन मावळत्या सूर्याकडे पाहात असते. पाण्याच्या टाक्या आणि सौरबंब त्या चित्रातून कोठे गेले, हा प्रश्न चित्रकारास पडलेला नसतो.

गच्ची सजवणे हा अपराध आहे, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार एवढीच, की ही योजना खुर्चीपासून सुरू होते. गच्ची हे प्रथम छप्पर आहे, ही गोष्ट सजावटकार विसरतो आणि घरमालकही विसरतो. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जो कोबा घालतात, त्यास सुमारे शंभर फुटांस एक फूट असा ढाळ दिलेला असतो. सारे पाणी त्या अल्पशा उताराच्या भरवशावर नळापर्यंत जाते. त्या कोब्यास भोके पाडून फळ्या ठोकल्या, म्हणजे पावसास घरात येण्याचे निमंत्रणच दिले. बरे, फळ्यांखाली नळाचे तोंड पाल्याने बुजले तर ते दिसणार कोणास? वजनाचा हिशेब तर कोणी करीतच नाही. ये-जा असलेल्या छपरावर माणसे व सामान यांचा भार म्हणून आपल्याकडील मानक चौरस मीटरला साधारण १५० किलो धरते. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर एकटाच तेवढ्या जागेत ५०० किलोंच्या घरात जातो. ज्या छपराची आखणीच बागेसाठी झाली नाही, त्यावर बाग करणे म्हणजे खालच्या मजल्यावरील माणसाच्या डोक्यावर बाग करणे होय.

ही अतिशयोक्ती नव्हे. आमच्याच संस्थेत दोन वर्षांपूर्वी असा एक डेक झाला. पहिल्याच आषाढात वरच्या मजल्यावरील एका वृद्ध भगिनींच्या दोन खोल्या गळू लागल्या. समितीने पाहणी केली, ठराव केला, कंत्राटदारास पत्र लिहिले. बादली मात्र त्या बाईंनीच ठेवली, आणि रात्री उठून रिकामीही त्यांनीच केली.

यावर कोणी म्हणेल, पाश्चात्य देशांतील थोर वास्तुशिल्पींनी छपरावर बागा केल्याच ना? केल्या, आणि आम्ही तोच दाखला पुढे ठेवतो. ल कॉर्बूझिए याची मार्सेय येथील प्रसिद्ध इमारत १९५२ साली पुरी झाली. तिच्या छतावर मुलांसाठी उथळ पाण्याचे कुंड आहे, धावण्याची वाट आहे. ही मागाहून सुचलेली सजावट नव्हे. इमारतीच्या आराखड्यातच तिला स्थान होते. शिवाय ते छत शेकडो बिऱ्हाडांचे होते. आमचे लोक त्याचे छत तेवढे उचलतात आणि त्याचा विचार तेथेच ठेवून येतात.

आम्हांस खरी बोच आहे ती येथे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात सामायिक जागांच्या व्याख्येत गच्चीचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी डेक झाला की दारास कुलूप येते, आणि किल्ली मागावी तर कारण सांगावे लागते. कुरडया वाळत घालणे हे कारण आता पुरेसे मानले जात नाही. उन्हाळ्यात अंथरूण टाकणे, पोरांनी पतंग उडवणे, कोजागरीस दूध आटवणे, परीक्षेच्या दिवसांत कोणी पुस्तक घेऊन टाकीच्या सावलीत बसणे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी गच्ची कोणी सजवली नव्हती. ती मोकळी होती म्हणून हे सारे तेथे झाले. आमच्या पिढीतील कित्येकांचे इंटरचे गणित अशाच एखाद्या टाकीच्या सावलीत सुटले आहे. न सुटलेल्यांचा दोष गच्चीकडे नाही.

तेव्हा बसण्याची सोय हवीच असेल, तर आधी अभियंत्यास बोलवावे आणि सजावटकारास मागाहून. फळ्या रिपांवर सुट्या ठेवाव्या, म्हणजे चैत्रात उचलून खालचा कोबा पाहता येईल. कुंड्या हलक्या असाव्या, आणि तुळया कोठून गेल्या आहेत हे अभियंत्यास विचारून त्यांच्या रेषेत ठेवाव्या. कठड्यालगत बाके वा मोठ्या कुंड्या मुळीच नकोत; लहान मूल त्यांवर चढते आणि मग उंच कठडा उंच राहात नाही. निम्मी गच्ची उघडी ठेवावी.

येत्या रविवारी आमच्या संस्थेच्या सभेपुढे दुसऱ्या डेकचा ठराव येत आहे. पहिल्याची गळती अद्याप थांबलेली नाही. आम्ही विरुद्ध मत देणार आहोत, आणि त्या भगिनींची बादली सभेच्या टेबलावर ठेवण्याची परवानगी अध्यक्षांकडे मागितली आहे.