दात्याचाही पंचनामा करा

मावळातल्या कुंडमळ्याचा पूल पडला तो रविवार होता, १५ जून २०२५. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, धोकादायक म्हणून जाहीर झालेला, आणि त्यावर पर्यटकांची झुंबड. चौघं गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. सरकारनं लगोलग मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख जाहीर केले. नव्या पुलाचे पैसे त्याआधीच मंजूर होते, पण पूल कागदावरून उतरला नव्हता. माणूस मेला की तिजोरी तासाभरात उघडते, आणि तो जिवंत असताना फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नाही. याला मदत म्हणायचं? ही थकबाकी आहे. ती चुकती करतानाही यांना उपकाराचा आव आणवतो.

पाण्यात आधी उतरले ते आजूबाजूच्या गावांतले लोक. मग लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे स्वयंसेवक आले, एनडीआरएफ आलं. शिवदुर्गची पोरं पोटापाण्याचे उद्योग टाकून, खांद्यावर दोर घेऊन, भर पावसात दरीत उतरतात. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. माझं भांडण ताफ्यासह मागाहून येणाऱ्या, कॅमेरा लागल्यावर गहिवरणाऱ्या आणि वारसाच्या हातात धनादेश ठेवताना स्वतः भिंगाकडे बघणाऱ्या दात्याशी आहे.

हा दाता आजचा नाही. कार्ल्याच्या लेण्यात जा, त्याची वंशावळ दगडात कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं तिथल्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं. पुढे सातवाहनांनी नहपानाचं राज्य मोडलं आणि त्याच गावाच्या दानाचा हुकूम आपल्या नावानं मामाळच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्याला पाठवला. राज्य बदललं, दाता बदलला, गाव तेच. भिक्षूंची सोय झाली, दोन्ही दात्यांना पुण्य लागलं. आणि ज्याच्या घामातून ते धान्य येणार होतं, त्या करजिकच्या शेतकऱ्याचं नाव? कुठेही नाही. दुसऱ्याच्या कष्टावर औदार्य गाजवण्याची ही विद्या आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे.

इंग्रजानं तिला हिशेबाची वही जोडली. १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं, तेव्हा दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती. त्याच महिन्यात इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल दुष्काळाची पाहणी करायला निघाला. तीन वर्षांपूर्वी याच टेंपलनं बिहारमध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून माणसं जगवली होती, आणि फार खर्च केला म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. माणसं वाचवल्याबद्दल बोलणी! गडी शहाणा झाला. आता राबत्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा त्यानं दंडक घातला. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात हजारो दुष्काळी मजुरांनी कामं सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा अर्जांवर अर्ज करत राहिली. टेंपलला काय शिक्षा झाली? तो त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

गोरे गेले, दंडक राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं. मोफत गहू-तांदळासाठी शासनाच्या आदेशात अट काय होती? क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेलं हवं. दीड दिवसात ज्याचं घर उपसलं गेलं, त्याच्या चुलीत काय कोरडी लाकडं होती? अट लिहिणाऱ्या हाताला लाज वाटली नाही, पण धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांच्या आणि आमदारांच्या फोटोचे स्टिकर चिकटवायला कुणाला तरी सवड मिळाली. पूर येतो न येतो तोवर ते छापून तयार! बोट मिळत नव्हती, छापखाना मिळत होता.

जगाच्या बाजारातही हाच माल आहे, फक्त वेष्टन मोठं. साठच्या दशकात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेल्यांना विचारा. भारतानं व्हिएतनाम युद्धावरून टीका केली म्हणून अध्यक्ष जॉन्सन धान्याची जहाजं अडवून धरत होते. २००१ मध्ये अमेरिकेनं अफगाणिस्तानात विमानातून अन्नाची पिवळी पाकिटं टाकली आणि क्लस्टर बॉम्बचे छोटे गोळेही टाकले, तेही पिवळे. मग रेडिओवरून सांगावं लागलं की दोन्हींत गल्लत करू नका. भुकेल्या पोरानं पिवळं दिसलं की आधी रेडिओ लावायचा! मानवतेच्या नावानं याहून निर्लज्ज काही झालं असेल, तर ते मला ठाऊक नाही.

पण काबूलपर्यंत जायला नको. आमच्या मावळातच पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातली कित्येक घरं पन्नास वर्षं उलटली तरी पर्यायी जमिनीसाठी खेटे घालताहेत. त्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड वाढलं. ते पाणी शहराकडे नेणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करत शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळ्यांनी तिघांचा जीव घेतला. गोळी मिनिटात पोहोचते, जमिनीचा कागद पन्नास वर्षांत पोहोचत नाही. यांच्या मदतीची गती यावरून मोजा.

आपत्ती आली की तलाठी दारात येतो. भिंत किती पडली, भांडी किती वाहिली, गाय दुभती होती की भाकड, सगळं लिहून घेतो. गरिबाच्या दुःखाचा पंचनामा होतो. दात्याचा का नाही? प्रत्येक धनादेशासोबत एक कागद जोडा : फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडली होती, सही कुणाची राहिली होती. हा कागद गावच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. मदतीच्या पाकिटावर चेहरा छापणाऱ्याकडून त्या पाकिटाची किंमत वसूल करा. कुणाला काय हवं हे ठरवणाऱ्या समितीत ज्याचं घर गेलं त्याला बसवा, आणि शेवटच्या खुर्चीवर नव्हे. एवढं करायची तयारी नसेल, तर निदान आमच्या मेलेल्यांच्या नावावर स्वतःचं औदार्य मिरवू नका.