विश्लेषण : मंडप बांधणारा ‘आपला माणूस’ कामगार की कंत्राटदार?

तुळशीचे लग्न लागले की तालुक्याच्या गावातल्या मंडपवाल्याकडे माणसांची चणचण सुरू होते. विदर्भ-खानदेशात याच दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. गोदामात हजारभर खुर्च्या, गाद्या, लोखंडी पाइप, पडदे, एक जनरेटर आणि दारात एक टेम्पो. मालक, घरचा एखादा माणूस आणि हाताखाली सहा-आठ जण. दाट तिथीला हाच आकडा पंधरावर जातो, आषाढात दोनवर येतो.

ही माणसे मालकाचे कामगार आहेत की प्रत्येक जण स्वतंत्र कंत्राटदार? मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘कामगार कसले, सगळं उक्तं काम आहे. एका मंडपाचे इतके, की विषय संपला.’ हिशेबाच्या वहीतही ‘लेबर चार्जेस’ असे एकच खाते असते. हा प्रश्न एरवी कुणाला पडत नाही. पंधरा फुटांवरून कुणी खाली पडला की मात्र पहिला तोच येतो.

माझे मत आधीच सांगतो. यातले बहुतेक जण कायद्याच्या नजरेत कामगारच आहेत. त्यांना कंत्राटदार म्हणून मालकाचे पैसे वाचत नाहीत, फक्त त्याच्या डोक्यावरचा धोका वहीत दिसेनासा होतो.

कोर्ट पाहते तरी काय?

याचा एखादा फ्लोचार्ट काढता आला असता तर बरे झाले असते. न्यायालयांनी मात्र तसा एकच निकष कधी ठरवला नाही. काम काय करायचे आणि कसे करायचे हे कोण सांगतो, साहित्य कुणाचे, नुकसान झाले तर कुणाचे, माणूस स्वतः राबतो की दुसऱ्याकडून करवून घेतो, त्याचे काम हा धंद्याचा गाभा आहे की बाजूची गोष्ट, हे सगळे एकत्र पाहिले जाते. कागदावर लिहिलेले नाव किंवा टीडीएस कोणत्या कलमाखाली कापला, हा फार तर त्यातला एक पुरावा असतो.

यावरचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन जुने निकाल मंडपवाल्याला अगदी नेमके लागू पडतात.

पहिला १९५६ चा, सौराष्ट्रातील ध्रांगध्रा इथल्या मिठागरांचा. तिथले आगरिये हंगामापुरते येत, पिकवलेल्या मिठाच्या वजनावर पैसे घेत, आणि गरज पडली तर स्वतःच्या खिशातून मदतनीसही लावत. कंपनीचे म्हणणे होते की, हे कंत्राटदार आहेत. न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. ते स्वतः राबत होते आणि कामाच्या पद्धतीवर कंपनीची देखरेख होती, म्हणून. दोन पोरे बरोबर घेऊन येणाऱ्या मंडपातल्या मुकादमाचे चित्र याहून फार वेगळे नाही.

दुसरा १९७३ चा, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा. शिंप्यांना नगावर पैसे मिळत. काम असेल तेव्हा ते यायचे, दिवसभर बसलेच पाहिजे असे बंधन नव्हते, दुसऱ्या दुकानात काम करायलाही मोकळीक होती. तरीही ते दुकानाचे कामगार ठरले. शिलाई मशिन बहुतांशी मालकाचे होते. शिवण पसंत पडली नाही तर ती नाकारून पुन्हा करून घेण्याचा अधिकारही मालकाकडे होता, आणि न्यायालयाने याच अधिकाराला महत्त्व दिले. ‘हा पडदा सैल आहे, पुन्हा ताण’ असे मालक दिवसातून किती वेळा म्हणतो, ते मोजून पाहा.

म्हणजे नगावर पैसे, हंगामी काम आणि चार मालकांकडे येजा ही मालकांची तीनही आवडती कारणे कंत्राट सिद्ध करायला पुरत नाहीत.

माझ्या मते मंडपाच्या धंद्यात सगळ्यात बोलकी खूण आहे ती उचल. हंगामाआधी मालक वीस-तीस हजार उचल देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस दुसऱ्याकडे जाऊ शकत नाही. ज्याला ‘उद्या येत नाही’ असे म्हणायची सोय नाही, त्याला स्वतंत्र व्यावसायिक कसे म्हणायचे?

मग खरा कंत्राटदार कोण?

तोही याच मांडवात असतो. फुलांची सजावट घेणारा, जो फुले स्वतः आणतो, स्वतःची माणसे लावतो, भाव ठरवतो आणि फुले सुकली तर स्वतः बुडतो. स्वतःचा टेम्पो असलेला, सकाळी भाजी आणि दुपारी खुर्च्या वाहणारा. परवाना असलेला इलेक्ट्रिशियन, जो गावात दहा जणांची कामे घेतो आणि बिल देतो. मात्र मालकाच्याच वायरी, मालकाचेच हॅलोजन घेऊन रोज रात्री मालक सांगेल तिथे चढणारा लायटिंगवाला या यादीत बसत नाही. त्याला सगळे ‘इलेक्ट्रिशियन’ म्हणत असले तरी.

इथे आणखी एक पेच आहे, जो बहुतेक मालकांना माहीतच नसतो. समजा मुकादम खरोखरच कंत्राटदार आहे. तरीही १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अशी तरतूद होती की, आपल्या धंद्याचेच काम कंत्राटदाराकडून करून घेणाऱ्या मालकाकडेही जखमी कामगार थेट भरपाई मागू शकतो. मालकाने आधी पैसे द्यायचे, मग कंत्राटदाराकडून वसूल करायचे. हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. ही संहिता इतर तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मुकादमाकडून वसुली होईल का, हे त्या मुकादमाला ओळखणाऱ्यांनीच सांगावे.

पडल्यानंतरचा हिशेब

ईएसआयसाठी दहा आणि पीएफसाठी वीस माणसांची अट आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे आठच जण, आम्हाला काहीच लागू नाही’ असा समज पक्का बसला आहे. भरपाईला अशी सरसकट संख्येची अट नाही. परिशिष्टात कामांचे प्रकार दिले आहेत. गोदामातील मालाची हाताळणी, वाहनावरचे काम, विजेच्या तारा आणि फिटिंग उभारणे-उतरवणे हे त्यात येते. ईएसआय लागू नसेल तिथे भरपाईची जबाबदारी थेट मालकावर पडते.

रक्कम किती? मृत्यू झाल्यास महिन्याच्या वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला घटक. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते १५,००० रुपयांपर्यंतच धरायचे, अशी मर्यादा जुन्या कायद्याखाली २०२० पासून होती. तीच धरली आणि कामगाराचे वय ३० असेल, तर घटक २०७.९८ येतो. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साधारण १५ लाख ६० हजार रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे याच वयात १८ लाख ७० हजारांच्या पुढे. महिनाभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज. उशिराला सबळ कारण नसेल तर मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत दंड वेगळा.

हजार खुर्च्या आणि एक जुना टेम्पो विकून एवढे पैसे उभे राहत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला, कंत्राटदार ठरलेल्या माणसाच्या बायकोला मालकाकडून दवाखान्याचे बिल आणि चार लोकांसमोर दिलेले पाकीट, एवढ्यावर समाधान मानावे लागते. बहुतेक प्रकरणे आपसात मिटतात ती अशी.

नव्या संहितेत आणखी एक भर आहे. घरून कामावर येताना किंवा काम संपवून घरी जाताना झालेला अपघातही, वेळ-जागा आणि कामाचा संबंध दिसत असेल, तर कामामुळे झालेला मानला जाईल. रात्री दोनला मंडप सोडून दुचाकीवर तिघे घरी निघतात, त्या धंद्यात ही तरतूद किरकोळ नाही.

‘टेम्पोचा विमा आहे ना’ हे उत्तर इथे चालत नाही. तो विमा रस्त्यावरच्या अपघाताचा आहे, मांडवाच्या पाइपवरून पडलेल्याचा नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. ते प्रत्येकाने घ्यावेच, पण त्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. कामाला येतो तो कर्मचारी भरपाई विमा. हंगामातली माणसांची संख्या आणि मजुरीचा अंदाज देऊन तो काढता येतो. इथेच ‘कंत्राटदार’ हा शब्द मालकाच्या अंगलट येतो. वहीत कामगार दोनच दाखवले असतील, तर विमाही दोघांचाच निघतो आणि पडतो तो तिसरा.

मध्यंतरी ‘गिग वर्कर’ हा शब्द कायद्यात आल्यावर काहींना नवी पळवाट सापडल्यासारखे वाटले. ती नाही. गिग कामगाराची व्याख्याच मुळी पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरच्या माणसाची आहे. रोज सकाळी गोदामात हजेरी लावणारा त्या नात्याच्या आतच असतो.

मालकाचे काय चुकते, काय नाही

मालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लग्नाचे बिल तीन महिन्यांनी मिळते, मंडळाचे कधी कधी पुढच्या गणपतीला. सहा माणसांचा धंदा चालवणाऱ्याने नोंदवह्या, विवरणपत्रे आणि संहिता वाचत बसावे अशी अपेक्षा करणारे बहुधा स्वतः पगारावर असतात. शिवाय कामगारांनाही बऱ्याचदा ‘उक्ते’च हवे असते. हातात रोख, कपात नाही आणि कुणाचा हुकूम नाही. निदान उचल घेईपर्यंत.

खरी अडचण अशी की एकच माणूस हंगामात पाच मंडपवाल्यांकडे राबतो आणि त्याच्या म्हातारपणाची सोय पाचांपैकी कुणाचीच नसते. हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील हमालांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तो नेमका याच अडचणीवर. मालक बदलत राहतात, म्हणून मंडळ कायम ठेवायचे. मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार पाहायचे. या व्यवस्थेत माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्या शिरल्याच्या तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षे करत आहेत आणि त्या खोट्या म्हणता येणार नाहीत. तरीही कल्पना बरोबर होती. आज लेव्ही क्यूआर कोडवर भरता येईल आणि कामगाराला प्रत्येक मंडपाची नोंद मोबाइलवर दिसेल. जिल्ह्यातल्या मंडपवाल्यांच्या संघटनांनी मिळून असे मंडळ मागितले, तर ‘कामगार की कंत्राटदार’ या वादातली निम्मी हवा निघून जाईल. सरकारने ते आपणहून द्यावे याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तोवर मालकाने करण्यासारखे फार नाही, पण जे आहे ते स्वस्त आहे. नेहमीच्या सहा-आठ जणांची नावे, वय, आधारवरचा पत्ता आणि रोज किती दिला, हे वहीत तारखेनिशी लिहायचे. मजुरी शक्य तितकी खात्यात. उचल दिली तर ती किती आणि कशी वळती होणार, यावर दोघांच्या सह्या. फुलवाला, टेम्पोवाला यांच्याकडून बिल घ्यायचे आणि त्यांच्या माणसांचा विमा आहे का हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारायचे. आणि आपल्या माणसांचा विमा तुळशीच्या लग्नाआधी, दाट तिथीला मांडवात असतात तेवढ्या सगळ्यांचा काढायचा.