आरोपी खेळाडू आणि संघाचे कर्तव्य

आमच्या वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत परदेशी फुटबॉलचे सामने पाहणाऱ्यांचा एक कंपू आहे. एका मोबाईलभोवती सहा-सात डोकी जमतात आणि मँचेस्टरच्या संघासाठी अशी भांडतात, की जणू तो संघ पाचोऱ्याचा किंवा शिरपूरचाच असावा! मध्यंतरी या कंपूत फारच कडाक्याचे वाजले. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या खेळाडूला संघाने खेळवावे की घरी बसवावे, हा वादाचा विषय होता. अर्धे म्हणत होते, "न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत माणूस निर्दोषच असतो, खेळू द्या त्याला." उरलेले म्हणत होते, "असल्यांना त्याच दिवशी हाकलले पाहिजे." मला एरवी वादात तोंड घालण्याची खोड आहे; पण त्या रात्री मी गप्प राहिलो. कारण हाच प्रश्न मी माझ्या गावच्या मैदानावर पाहिला होता, आणि तेथेही मी गप्पच होतो.

आमच्या गावात कबड्डीचे मंडळ आहे. यात्रेत सामने भरतात, पंचक्रोशीतले संघ येतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या संघातल्या सर्वांत चांगल्या चढाईपटूवर गावातल्याच एका मुलीने विनयभंगाची फिर्याद दिली. सामने दहा दिवसांवर आले होते. मंडळाची बैठक बसली. मी राखीव खेळाडू, म्हणून कोपऱ्यात उभा होतो. मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही सारे आप्पा म्हणतो. त्यांनी दोन मिनिटांत विषय संपवला : "कोर्टना निकाल लागू द्या, मंग दखू." कुणीही हरकत घेतली नाही. तो जामिनावर सुटून आला, खेळला, आणि आम्ही ढाल जिंकली. प्रत्येक गुणाला ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जात होते आणि त्या मुलीचे घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. ती तालुक्याच्या गावी एस.टी.ने बारावीला जात असे. यात्रेनंतर तिने जाणे सोडले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. तिच्या घरातून ती पहिली ठरली असती. खटला अजून उभाच आहे. तो दोषी आहे की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही नाही.

'निकाल लागू द्या' हे वाक्य ऐकायला मोठे न्यायाचे वाटते. पण आपल्या जळगावकरांना निकाल किती दिवसांनी लागतो हे काय कुणी सांगायला हवे? घरकुल प्रकरणाची फिर्याद 2006 साली दाखल झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले ते 31 ऑगस्ट 2019 रोजी. मध्ये तेरा वर्षे गेली, आणि त्यानंतरही अपिलाची वाट मोकळी असतेच. खेळाडूची उमेद फार तर दहा-बारा वर्षांची. तेव्हा जो संघ 'आम्ही निकालाची वाट पाहू' असे म्हणतो, तो वस्तुतः 'आम्ही काहीच करणार नाही' असे म्हणत असतो. फक्त ते सभ्य भाषेत म्हणतो इतकेच.

मग त्याच दिवशी हाकलावे काय? तेही मला पटत नाही. ब्राझीलचा प्रसिद्ध फुटबॉलपटू दानी आल्वेस याला 20 जानेवारी 2023 रोजी बार्सिलोनात बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली आणि मेक्सिकोतील त्याच्या पूमास या संघाने त्याच दिवशी त्याचा करार रद्द केला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च 2025 मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्दही केली. मँचेस्टर सिटीच्या बेंजामिन मेंदीची गोष्ट निराळी. ऑगस्ट 2021 मध्ये आरोप ठेवले जाताच संघाने त्याला निलंबित केले, आणि पुढे पगारही बंद केला. 2023 मध्ये दोन खटल्यांत मिळून तो सर्व आरोपांतून सुटला. नोव्हेंबर 2024 मध्ये तेथील कामगार न्यायाधिकरणाने सांगितले, की त्याच्या थकलेल्या पगाराचा बराचसा भाग संघाने दिला पाहिजे. थोडक्यात, त्याला मैदानाबाहेर ठेवणे अंगाशी आले नाही. त्याचे अन्न तोडणे मात्र अंगाशी आले. वसतिगृहातल्या वादात हा फरक कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

गंमत अशी, की हा फरक आपल्याकडे खेड्यातल्या माणसालाही माहीत आहे. तलाठ्याला लाच घेताना पकडले, की तो निलंबित होतो. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे शासकीय कर्मचारी 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, तर तो निलंबित झाला असेच मानले जाते. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराइतका. पुढे तो निर्दोष ठरला तर तो काळ कामाचा धरून बाकी देण्याचीही सोय आहे. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, ही गोष्ट तलाठ्याच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. चावडीवरच्या माणसाला जो नियम, तो मैदानावरच्या माणसाला का नको? केवळ तो गोल करतो म्हणून?

वास्तविक कायद्याने खेळाला वगळलेलेच नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा क्रीडासंस्था व क्रीडांगण यांनाही 'कामाचे ठिकाण' म्हणतो. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करावी असे त्यात आहे. आणि चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून दोघांना दूर ठेवण्याचीही तरतूद आहे. तेरा वर्षे कोठे आणि नव्वद दिवस कोठे! संघाच्या बाहेर घडलेल्या गुन्ह्याला हा कायदा सरसकट लागू होणार नाही, हे खरे. पण चौकशी कशी करावी याचा नमुना तर त्यात आयता मिळतो.

येथे कोणी म्हणेल, की न्यायालय असताना संघाने वेगळी चौकशी करावीच कशाला? याचे उत्तर मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण याच्या प्रकरणात आहे. 16 मे 2013 रोजी स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून त्याला श्रीशांत आणि अजित चंदिला यांच्याबरोबर अटक झाली. राजस्थान रॉयल्सने तिघांना निलंबित केले. सप्टेंबरात क्रिकेट नियामक मंडळाने चव्हाण व श्रीशांत यांना आजन्म बंदी घातली. 25 जुलै 2015 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने सर्वांना आरोपमुक्त केले, तरी बंदी राहिलीच. श्रीशांतच्या अपिलावर मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की फौजदारी खटल्यातून सुटका झाली म्हणून मंडळाची शिस्तभंगाची कारवाई आपोआप रद्द होत नाही. परंतु आजन्म बंदीचा फेरविचार मंडळाने करावा. पुढे दोघांचीही बंदी सात वर्षांवर आली. तुरुंगात पाठवण्यासाठी लागणारा पुरावा आणि संघाची जर्सी काढून घेण्यासाठी लागणारा पुरावा यांची मापे वेगळी आहेत, हाच याचा अर्थ. मात्र मला टोचते ते हे, की मंडळाने आधी आजन्म बंदी घातली आणि प्रमाणाचा विचार नंतर केला. सत्ताविसाव्या वर्षी बाहेर गेलेला चव्हाण पस्तिसाव्या वर्षी मोकळा झाला. फिरकी गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे तीच असतात.

आणि आरोप खेळाडूवर नसून मालकावर असेल तर? मार्च 2024 मध्ये गोव्यात महिला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीचे सामने चालू होते. हिमाचलच्या खाड एफसी संघाच्या दोन मुलींनी तक्रार केली, की संघाचे मालक दीपक शर्मा यांनी रात्री मद्यधुंद अवस्थेत खोलीत शिरून त्यांना मारहाण केली. हे गृहस्थ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीचेही सदस्य! म्हापसा पोलिसांनी त्यांना अटक केली आणि थोड्याच दिवसांत महासंघाने त्यांना निलंबित केले. पण त्या मुलींनी संघातल्या संघात तक्रार करायची ठरवली असती, तर ती कोणाकडे? म्हणूनच चौकशी करणारे लोक संघाबाहेरचे असावेत, असे मला वाटते. आमच्या गावी ती आप्पांच्या ओटीवर होऊ नये. तालुक्याचा एखादा वकील, एखाद्या शिक्षिका, यांच्यापुढे व्हावी.

माझ्या म्हणण्यावर गावाकडून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. भाऊबंदकीतून, निवडणुकीच्या वैरातून खोट्या फिर्यादी होतात. होतात, हे मी नाकारत नाही. पण मग मी म्हणतो, की खोट्या फिर्यादीत सापडलेल्या मुलालाही लेखी नियमाचाच आधार आहे. त्याची जागा राखलेली असेल, नोकरी किंवा मानधन चालू असेल, ध्वनिक्षेपकावरून कोणी त्याला नराधम म्हणणार नाही, आणि तीन महिन्यांत त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाईल. आज त्याला मिळते ते काय? तो उत्तम चढाई करत असला तर संघ पाठीशी उभा राहतो. माझ्यासारखा राखीव असला तर त्याच बैठकीत त्याचे नाव खोडले जाते. मला खात्री आहे, त्या दिवशी आरोप माझ्यावर असता तर आप्पांनी कोर्टाच्या निकालाची वाट पाहिली नसती.

आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याने असा नियम करावा, ही विनंती मी क्रीडाशिक्षकांना या लेखातूनच करतो. विद्यापीठाच्या सामन्यांना मुलामुलींचे संघ बाहेरगावी जातात, एकाच धर्मशाळेत उतरतात. नियम प्रसंग उद्‌भवण्याच्या आधी लिहिलेला बरा. नंतर लिहायला बसले की समोर माणसाचा चेहरा दिसू लागतो आणि हात थांबतो.

दिवाळीच्या सुट्टीत मंडळाचे कार्यकर्ते यात्रेची वर्गणी मागायला घरी आले होते. वडिलांनी पैसे काढून ठेवले होते. मी आतून वहीचा एक कागद आणला. त्यावर वर लिहिलेलेच चार मुद्दे होते. आप्पांनी तो वाचला, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बैठकीत पाहू." वडील त्यांच्यादेखत काही बोलले नाहीत. ते गेल्यावर मात्र त्यांनी विचारले, "तुला पुढच्या वर्षी खेळायचे नाही काय?" मी म्हटले, खेळायचे आहे. बैठक पौषात आहे. मी जळगावहून त्यासाठी जाणार आहे.