टाकीत काय आहे, ते सांगा

पऱ्हाटीवर बोंडअळी दिसली की फवारणी थांबून चालत नाही. नेमके त्याच दिवशी पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी यंत्र दोरी ओढून हात भरून आला तरी सुरू होत नाही. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, आत पाणी निघते. आपण म्हणतो, पंपावर भेसळ झाली. दरवेळी तसे नसते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे २००३ साली ५ टक्क्यांपासून सुरू झाले. २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर कोठ्यात पडून राहिली, की एका हद्दीनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व तळाशी बसतात. इंजिन ओढते ते तळातूनच. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या आणि पडदेही इथेनॉलने खराब होतात. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ताकद कमी. पैसे मात्र पुऱ्या लिटरचे.

यावर उपाय म्हणून दुकानात छोट्या बाटल्या विकल्या जातात. ताज्या पेट्रोलमध्ये घातलेले चांगले रसायन पेट्रोल जुने होण्याचा वेग कमी करते, एवढेच. एकदा वेगळे झालेले पेट्रोल त्याने पुन्हा चांगले होत नाही. ते काढून टाकावेच लागते.

बिनखर्चाचा उपाय आपल्या हातात आहे. पंधरा दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल आणा, कॅन घट्ट बंद ठेवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा. टू-स्ट्रोक इंजिनाला पुस्तिकेत पन्नासास एक प्रमाण दिले असेल तर लिटरला २० मिलि ऑइल, चाळीसास एक असेल तर २५ मिलि. अंदाजाने ओतू नका. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचेच नाही. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळाल, तर इंजिन ठोके देईल आणि वाचलेले पैसे मिस्त्रीकडे जातील.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही. ऊस, मका, खराब धान्य यांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचेही नाव आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून दाम मिळाला तर आम्हाला हवाच आहे. आमचा आक्षेप न सांगता, न विचारता विकण्याला आहे.

म्हणून जिल्हा सभेत तीन मागण्या ठरावात याव्यात. प्रत्येक पेट्रोल पंपावर मिश्रणाचे प्रमाण मराठीत, ठळक लिहिलेले असावे. यंत्र रोखीचे असो वा अनुदानाचे, त्याला किती टक्के मिश्रण चालते हे विक्रेत्याने पावतीवर लिहून द्यावे. आणि जुन्या यंत्रांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल परवडेल अशा भावात मिळावे.

पैसे आपण मोजतो. मग काय घ्यायचे हेही आपणच ठरवले पाहिजे.