मूल बोलत नाही, जबाब आईनं द्यायचा

घरकामाची किंमत काय, हा प्रश्न स्त्री चळवळीनं विचारला. हुंडा, मारहाण, पोटगी, पाणी, रेशन या सगळ्यांवर आपण बोललो, मोर्चे काढले. पण अपंग मुलाच्या संगोपनाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत अजूनही नुसती हळहळ पसरते. 'बिचारी, तिच्या वाट्याला आलंय खरं,' असं कुणीतरी म्हणतं आणि पुढचा मुद्दा घेतला जातो. माझं म्हणणं असं की हा वाट्याचा आणि नशिबाचा प्रश्न नाही. कुणी काय काम करायचं, हे आधीच कुणी ठरवून ठेवलंय, त्याचा हा प्रश्न आहे. म्हणून तो आपला आहे.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि ती स्वमग्न आहे. 'ऑटिझम' हा शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. तिच्याकडे मोजके शब्द आहेत आणि त्यांतले बरेचसे माझेच, जसेच्या तसे परत आलेले. तहान लागली की ती म्हणते, 'पाणी देऊ का तुला?' कारण पाणी मिळतं तेव्हा हेच शब्द तिच्या कानावर पडतात. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण ती अगदी नेमकं मागत असते.

दीड वर्षाची झाली तरी ती हाकेला वळून बघत नव्हती, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नव्हती, एकही शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांना दाखवू या, असं मी घरात सांगत होते. उत्तर ठरलेलं असायचं, 'किती गुणी पोर आहे, घरात आवाज म्हणून नाही तिचा!' मुलीचं गप्प असणं आपल्याकडे दागिन्यासारखं मिरवलं जातं. न मागणारी, हट्ट न करणारी, कोपऱ्यात तास न्‌ तास डब्यांची झाकणं ओळीनं मांडत बसणारी मुलगी म्हणजे चांगलं वळण लागलेली मुलगी! स्वमग्नतेचं निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तिपटी-चौपटीनं जास्त होतं. यातला काही फरक मुली नजरेतून सुटतात म्हणून पडतो, हे आता संशोधकही मान्य करतात. तेव्हा गटागटांतून हे सांगायला हवं: १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर मुलगी असो की मुलगा, कान तपासून घ्यायचे आणि विकासाची तपासणीही करून घ्यायची. 'बोलेल हळूहळू' म्हणून वाट बघायची नाही.

निदान झालं आणि चौकशी सुरू झाली ती माझी. गरोदरपणात काय खाल्लंस? नोकरी करत होतीस ना? मोबाइल हातात देत होतीस का? माहेरी कुणी असं आहे का? डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघंही बसलो होतो. माझ्या नवऱ्याला विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे घरचा पत्ता.

या चौकशीला जुना इतिहास आहे आणि तो आपल्याला माहीत असला पाहिजे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची निरीक्षणं मांडून स्वमग्नतेचं वर्णन केलं. पुढं त्यांनी या मुलांच्या आईवडिलांच्या कोरडेपणावर बोट ठेवलं आणि त्यातून 'रेफ्रिजरेटर मदर', म्हणजे फ्रिजसारखी थंड आई, ही कल्पना पसरली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या १९६७ च्या पुस्तकानं तिला आणखी वजन दिलं. आईनं प्रेम दिलं नाही म्हणून मूल मिटून गेलं, असा हा सिद्धान्त. कितीतरी बायकांनी तो खरा मानून आयुष्य काढलं असेल. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली त्याला पुराव्यानिशी विरोध केला होता. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवला. आईच्या वागण्यानं स्वमग्नता येत नाही, हे आज वैद्यकशास्त्रात पक्कं आहे. सिद्धान्त गेला, पण प्रश्न विचारण्याची सवय गेली नाही. फ्रिजच्या जागी मोबाइल आला, इतकंच.

ज्यांच्यावर आरोप झाले त्यांनीच या क्षेत्रात मोठं काम उभं केलं, हेही विसरू नये. १९६२ साली ब्रिटनमध्ये पालकांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग होत्या आणि त्या एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. १९९१ साली दिल्लीत 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू करणाऱ्या मेरी बरुआ यासुद्धा स्वमग्न मुलाच्या आई.

आता रोजच्या कामाबद्दल. आम्ही फलटणला राहतो. महिन्यातून दोनदा एस.टी.नं पुण्याला स्पीच थेरपीला जातो. जाऊन-येऊन सगळा दिवस जातो, थेरपी चाळीस मिनिटांची. उरलेलं सगळं घरी करायचं. त्यासाठी एक कागद मिळतो. तिच्या समोर, तिच्या नजरेच्या पातळीवर बसा. तिचं लक्ष ज्या वस्तूकडे असेल तिचं नाव सांगा. मग थांबा, तिला वेळ द्या. आंघोळ, जेवण, कपडे, प्रत्येक वेळी हेच. चित्रांची कार्डं वापरा. हे सगळं उपयोगाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रं आणि खुणा शिकवल्या तर मूल तोंडानं बोलायचं राहून जाईल, ही भीती खोटी आहे, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. माझी मुलगी आता पाण्याचं, झोक्याचं कार्ड आणून हातात देते. 'नको'चं कार्ड मिळाल्यापासून तिचं डोकं आपटणं खूप कमी झालं. नाही म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट असते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

माझा आक्षेप आहे तो त्या कागदाच्या मथळ्याला. तिथं छापलेलं असतं, 'आईने घरी करून घ्यावे'. घरी बाप असतो, काका असतो, आजोबा असतात. कागदाला ते माहीत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. त्या २९९ मिनिटांवर हा कागद ठेवला जातो. वर सल्ले असतातच. एका तज्ज्ञानं सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवलीत तर शाळेत सोपं जाईल. म्हणजे माझ्या सासूबाईंनी नातीशी बोलायचंच नाही! दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. सासूबाई तिच्याशी फलटणच्या मराठीतच बोलतात, आणि कार्ड दाखवायलाही त्या माझ्याइतक्याच तयार झाल्या आहेत.

मी एका पतसंस्थेत कारकून होते. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी गेली. राजीनाम्यावर सही माझी आहे, पण निर्णय असा कुणी घेतलाच नाही, तो जणू घेतलेलाच होता. नवऱ्याचा पगार जास्त होता, हे खरं. पुरुषाचा पगार जास्त का असतो, याबद्दल अशा अंकांतून आपण कितीदा लिहिलं आहे! एकाच्या पगारात आता थेरपी, प्रवास आणि घर बसवायचं असतं, आणि त्या पैशांचा हिशेब मला द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो? १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या अपंगत्वांत त्याला जागा दिली. सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळायचं, हे त्याच कायद्यात आहे. जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेखही आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत मुलांची तपासणी आणि जिल्ह्याच्या केंद्रात लवकर उपचार अपेक्षित आहेत. कागद भक्कम आहे. त्यातलं आपल्या तालुक्यात काय पोचलं, हे विचारणं आपलं काम आहे.

रजेचं पाहा. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या स्त्रीला बालसंगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा आहे. पुरुषाला ती मिळते, पण तो एकटा पालक असेल तरच. म्हणजे आई घरात असेपर्यंत बापाला मूल नसतं, असं सरकारच धरून चाललं आहे. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की स्त्रियांचा नोकरीतला सहभाग ही कुणी दिलेली सवलत नसून राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे, आणि अपंग मुलाच्या आईचा रजेच्या बाबतीत विचार न करणं या हक्काला धरून नाही. हे स्वागतार्हच आहे. पण पतसंस्थेतल्या कारकुनाला, धुणीभांडी करणारीला, ऊसतोडणीला जाणारीला यातलं काय लागू होतं?

इथं एक सावधगिरी बाळगायला हवी. आईचे कष्ट सांगताना आपण मुलालाच ओझं म्हणू लागतो. माझी मुलगी ओझं नाही. ओझं आहे ते एस.टी.चं, सुटलेल्या पगाराचं, एकटीवर टाकलेल्या कागदाचं. कदाचित ती पुढं भरपूर बोलेल, कदाचित चित्रांवरच राहील. दोन्ही वेळी तिला शेजारची शाळा, अंगण, मैत्रिणी आणि मोठेपणी स्वतःचे निर्णय हवे आहेत. तिचे हक्क आणि माझे हक्क एकमेकांच्या आड येत नाहीत. ते आड येतात असं दाखवलं की दोघींनाही काही द्यावं लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, काही मागण्या आपण मिळून करू या. प्रत्येक तालुक्याला वाचाउपचारतज्ज्ञ हवा. थेरपीचं प्रशिक्षण घरातल्या दोन माणसांना मिळावं आणि त्यातला एक पुरुष असावा. संगोपनाची रजा बापालाही हवी आणि ती असंघटित बायकांपर्यंत पोचेल अशी तरतूद हवी. काळजीवाहकाचा भत्ता गरज पाहून, खरोखर हातात पडावा. पाळणाघराची मागणी करताना 'सर्व मुलांसाठी' हे शब्द आपल्याच निवेदनात घालू या.

आणि आपल्या गटांपासून सुरुवात करू या. पुढच्या बैठकीचं निमंत्रण द्याल तेव्हा न येणाऱ्या बाईला का येत नाहीस, एवढं विचारा. मूल ओरडतं, धावतं, सगळ्यांनी वळून पाहिलं की लाज वाटते, असं ती सांगेल. तिला मुलाला घेऊन यायला सांगा. एक शांत खोली ठेवा आणि मुलांकडे बघायला पाळीपाळीनं दोघीजणी बसा. बैठकीत तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मूल सांभाळलं गेलं, तर पुढच्या वेळी ती येईल आणि आपल्या मागण्यांत माझ्या यादीत नसलेल्या चार गोष्टी घालेल.