सापळ्यात नर, बोंडात अळी

कपाशीतल्या कामगंध सापळ्याची पिशवी सोडून आतले पतंग कधी निरखून पाहिलेत का? सगळे नर. मादी शोधून सापडायची नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, यात मादी का येत नाही?" "वास मादीचा आहे म्हणून," असे सांगून मी पुढे निघालो. उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते.

बाकीचे अर्धे पतंगाच्या मिशांत आहे. 1981 साली अमेरिकेत व्होग्ट आणि रिडिफोर्ड या शास्त्रज्ञांनी तिकडच्या एका रेशीम पतंगाच्या, म्हणजे आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या टसर पतंगाच्या भाऊबंदाच्या मिशा तपासल्या. नर आणि मादीच्या मिशांतली प्रथिने वेगवेगळी काढून शेजारी-शेजारी ताडून पाहिली. नराच्या मिशांत एक लहानसे प्रथिन भरपूर सापडले; मादीच्या मिशांत ते दिसले नाही. त्याचे काम असे. मिशांवरच्या बारीक केसांच्या पोकळीत पाण्यासारखा द्रव असतो. मादीचा गंध तेलकट, तो पाण्यात मिसळत नाही. हे प्रथिन नावाड्यासारखे त्या गंधाला धरून मज्जातंतूपर्यंत नेते. काही जातींत मादीकडेही ते थोडेफार असते, निसर्ग काही आपल्या रकान्यांत बसत नाही. पण झाडाचा वास धरणारी त्याच कुळातली दुसरी प्रथिने नर-मादी दोघांकडे असतात. मादीला अंडी घालायला झाड हुडकावे लागतेच ना!

"किड्यांच्या मिशा मोजून शेतकऱ्याचे पोट भरते का?" असे आमच्या बैठकांतही बोलले जाते. मला ते पटत नाही. कारण हे न समजल्यामुळे झालेली चूक माझीच आहे. एका गावात मी सांगितले, "एकरी दोन सापळे लावा, बोंडअळीची काळजी सोडा." एकाने ते शब्दशः मानले आणि बोंडे तपासलीच नाहीत. वेचणीला निम्मी कवडी निघाली. मला तो काही बोलला नाही, चहा पाजला. तो चहा काही घशाखाली उतरेना.

दोन सापळ्यांनी नर संपत नाहीत, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. शेजारच्या रानात फळलेली मादी तर सापळ्याकडे न वळता थेट तुमच्या कपाशीवर येते. म्हणून एकरी दोन सापळे हे फक्त मोजमाप आहे. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग आले तर सावध व्हायचे. सोबत डोमकळ्या वेचायच्या, एकरी वीस हिरवी बोंडे तडकवून पाहायची. दोनांत अळी दिसली तरच फवारणी. 2017 साली गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली. उगाच मारलेला एक पंपही स्वस्त नाही.

माझे स्पष्ट मत आहे की आपल्या कृषी विद्यापीठांनी आता मादीच्या मिशांवर जोर द्यावा. ऑस्ट्रेलियात हिरव्या बोंडअळीसाठी झाडांच्या वासाचे आमिष निघाले, त्यावर मादीसुद्धा येते. गुलाबी अळीच्या मादीला कपाशीचा नेमका कोणता वास ओढतो, हे कळले तर अंडी पडण्याआधीच तिला गाठता येईल. तोवर पिशवी सोडा, नर मोजा आणि बोंडे फोडा.